सरकीच्या ढिगातली उष्णता

८ फेब्रुवारी २०२५, पिपरी मेघे

प्रकल्पाची नोंदवही ठेवा, असं माझ्या मार्गदर्शकांनी, प्रफुल सरांनी, सांगितलं आहे. तिच्यात फक्त काम लिहायचं. उरलेलं लिहायला ही वही घेतली आहे.

एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय ठरला: साठवलेल्या सरकीच्या ढिगातलं तापमान. जाम चौकापासून दोन किलोमीटरवर जिनिंग फॅक्टरी आहे. कापसातून रुई काढली की सरकी उरते, आणि तेल गिरणीकडे जाईपर्यंत ती गोदामात ढीग करून ठेवतात. बाबा तिथे एकोणीस वर्षं गोदाम सांभाळतात. ओली सरकी स्वतःच तापते, म्हणून ढीग दर चार दिवसांनी पालटायचा असतो, आतली बाहेर आणि बाहेरची आत.

२२ जानेवारीला तो ढीग जळला. कवडू नावाच्या हमालाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याने बिडी टाकली अशी तक्रार फॅक्टरीचा मालक धर्मेंद्र सेठने पोलिसात दिली आहे. बाबांचं रजिस्टर सांगतं की ढीग वेळच्या वेळी पालटला होता. तसं असेल तर आतून आग लागणं शक्य नाही. हे आकड्यांनी दाखवता येईल, म्हणजे उद्या कोणी बाबांकडे बोट दाखवणार नाही. कवडूचं वाईट वाटतं, पण बिडी ही बिडीच.

१६ फेब्रुवारी

बाबांबरोबर गोदाम पाहिलं. मोजमापं: ढीग नऊ मीटर रुंद, चार मीटर उंच, एक बाजू भिंतीला टेकलेली. रचला ४ जानेवारीला. जळालेला ढीग अजून हलवलेला नाही. वरची दीडेक फूट सरकी जवळजवळ जशीच्या तशी आहे आणि आत पोकळी, माणूस बसेल एवढी. फोटो घेतले. रजिस्टरचेही घेतले. ढिगात खुपसायचा लांब दांड्याचा थर्मामीटर आहे. रजिस्टरमधल्या त्याच्या जानेवारीच्या नोंदी: ३३, ३२, ३४, ३३, ३३. सगळ्या सह्या बाबांच्या, एका शाईत, स्वच्छ. बाबांचं अक्षर नेहमीच चांगलं.

लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडे आहेत: ३३, ३६, ४१, ४८, ५८. पोत्यांचा हिशेब असावा. त्यांचाही एक फोटो घेतला.

सेठने चहा पाजला. "करा ना मॅडम, कॅल्क्युलेशन करा. आमच्या प्रेमदासची पोरगी इंजिनिअर, और क्या चाहिए! सायन्सनं सिद्ध झालं तर बढियाच."

बसमध्ये बाबा म्हणाले, "दुसरा विषय नाई भेटत का तुले?"

"हाच चांगला आहे. डेटा आहे."

"धुराच्या जागी फिरू नको जास्त. आजारी पडशीन."

त्यांनी मला आजारपणावरून आजवर कधी टोकलेलं नाही. वय होत चाललं आहे.

२ मार्च

सॉफ्टवेअरमध्ये ढीग काढला, माती आणि हवेच्या अटी भरल्या, बटण दाबलं. लाल-पिवळं सुंदर चित्र आलं. सरांना दाखवलं.

सर म्हणाले, "हे बटण दाबल्यावर आत काय झालं?"

मी म्हणाले, समीकरण सुटलं.

"कसं?"

सांगता आलं नाही. बी.ई.ची चार वर्षं आणि हे दीड वर्ष मी रंगीत चित्रं काढत होते. उद्यापासून स्वतःचा कोड लिहायचा.

९ मार्च

समीकरण अवघड नाही. ढिगातल्या कुठल्याही बिंदूत उष्णता जमा होण्याचा वेग म्हणजे शेजारून वाहत आलेली अधिक तिथेच तयार झालेली. अडचण अशी की बिंदू अनंत आहेत आणि प्रत्येकाचं तापमान प्रत्येक क्षणी वेगळं. एवढी माहिती कागदावर मावत नाही, संगणकातही नाही. हवं असतं ते फलन (फंक्शन), आणि हातात येऊ शकतात ते फक्त काही आकडे.

फायनाइट एलिमेंट, म्हणजे तुकडे पाडून गणित करण्याच्या पद्धतीची पहिली युक्ती इथे येते. ढिगाच्या उभ्या छेदाचे लहान त्रिकोण करायचे. प्रत्येक त्रिकोणात तापमान सरळ उतारासारखं बदलतं असं मानायचं. मग तीन कोपऱ्यांची तापमानं कळली की मधलं सगळं आपोआप ठरतं. कोपऱ्याला नोड म्हणतात. प्रत्येक नोडवर एक तंबू उभा आहे असं समजायचं: स्वतःच्या नोडवर उंची एक, शेजारच्या नोडपर्यंत पोचताना शून्य, पुढे सगळीकडे शून्य. तंबूंना कमी-जास्त ताणून एकत्र जोडलं की ढिगाचं तापमान तयार होतं. अनंत अज्ञातांच्या जागी सहाशे बारा अज्ञात.

हे इतकं साधं आहे हे मला आधी कोणी सांगितलं नाही, की मीच विचारलं नाही?

२३ मार्च

दोन आठवडे अडले होते. अडचण: सरळ उताराचे तुकडे मूळ समीकरणात घातले तर ते बसतच नाहीत. समीकरण दुसरं विकलन (डेरिव्हेटिव्ह) मागतं, आणि सरळ रेषेचं दुसरं विकलन शून्य. सांध्यावर तर ते अस्तित्वातच नाही.

सुटलं ते असं. समीकरण प्रत्येक बिंदूत खरं ठरावं हा हट्ट सोडायचा. त्याऐवजी प्रत्येक तंबूने त्याला गुणायचं, सगळ्या ढिगावर बेरीज घ्यायची आणि ती बेरीज शून्य आली पाहिजे एवढंच मागायचं. म्हणजे चूक कुठेतरी राहणार, पण कुठल्याही तंबूखाली पाहिलं तरी ती एकुणात दिसणार नाही. मग खंडशः संकलन (इंटिग्रेशन बाय पार्ट्स) केलं की अज्ञातावरचं एक विकलन उचलून तंबूवर जातं, आणि दोघांवर एकेकच उरतं. सरळ उताराला तेवढं परवडतं. त्याच पायरीत कडेवरून आत-बाहेर होणारी उष्णता समीकरणात स्वतःहून येते, वेगळी चिकटवावी लागत नाही.

पुस्तकात याला 'दुबळं रूप' म्हणतात. नाव आवडलं नाही. पण दुबळं केल्याशिवाय सुटत नाही.

शेवटी दर नोडमागे एक साधं समीकरण उरतं. त्यात तो नोड आणि त्याला चिकटलेले शेजारी, एवढेच. लांबच्यांशी संबंध शून्य. सहाशे बारा ओळींचा तक्ता, जवळजवळ सगळा रिकामा. तो सोडवायला लॅपटॉपला एक सेकंदही लागत नाही.

५ एप्रिल

कोड तपासला. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न दिला: दोन्ही टोकं थंड, मध्ये सारखी उष्णता. उत्तर जुळलं. त्रिकोणांची बाजू निम्मी केली, चूक एक चतुर्थांश झाली. पुन्हा निम्मी, पुन्हा चतुर्थांश. असंच व्हायला हवं होतं.

खूष होते. रुचिकाने, माझ्या रूम पार्टनरने, विचारलं, "कोणाचा फोन आला होता का गं?"

१९ एप्रिल

खरा ढीग घातला. ओलावा बारा टक्के, रजिस्टरप्रमाणे दर चौथ्या दिवशी पालट. सगळ्यात जास्त तापमान ३५. बाबांचं रजिस्टर बरोबर.

मग बिडी. ढिगाच्या पृष्ठभागावर एका जागी जळतं टोक ठेवलं. सरकी उष्णता फार हळू नेते. वरची कड जळते, खालच्या मीटरभराला महिनाभर पत्ताही लागत नाही. म्हणजे बिडीने ढीग बाहेरून जळेल. माझ्या फोटोत बाहेर शाबूत आहे आणि आत पोकळी.

कोडमध्ये चूक आहे.

२७ एप्रिल

चूक सापडली. भिंतीकडची कड मी मोकळ्या हवेची धरली होती. तिथून उष्णता जात नाही. पदवीच्या पहिल्या वर्षातलं पोर करेल अशी चूक. इतकं बरं वाटलं की लगेच दुरुस्त करून पुन्हा चालवलं.

पालट असताना ३५ च्या जागी ३६. बिडीचं उत्तर तेच. पोकळी नाही.

त्रिकोण आणखी बारीक केले, काळाची पायरी निम्मी केली. उत्तर हलत नाही. माझी आणखी एखादी चूक निघावी म्हणून आठ दिवस शोधते आहे. मिळत नाही.

४ मे

आज पालट काढून टाकला. चारही पालट. ढीग ४ जानेवारीला रचला आणि कोणी हात लावला नाही, असं धरलं.

अठराव्या दिवशी मधल्या नोडांचं तापमान सरळ वर गेलं. ४ अधिक १८ म्हणजे २२ जानेवारी. जागा: जमिनीपासून दीड मीटर, भिंतीच्या बाजूला. पोकळी तिथेच आहे.

दर तिसऱ्या दिवसाची तापमानं छापली: ३२.८, ३६.१, ४०.७, ४८.३, ५८.९.

आकडे ओळखीचे वाटले. कुठे पाहिले ते आठवायला दहा मिनिटं लागली. फेब्रुवारीत घेतलेला दाराचा फोटो उघडून शेजारी ठेवला: ३३, ३६, ४१, ४८, ५८.

पोती नाहीत.

११ मे, समुद्रपूर

घरी आले. आई आंघोळीला गेल्यावर बाबांना कागद दाखवले. त्यांनी चष्मा लावला नाही.

"खडूचे आकडे कोणाचे?"

"कवडूचे. त्याले सवय हाय. थर्मामीटर तोच घालते."

"आणि रजिस्टरमधले?"

"माहे."

"पालटला होता का ढीग?"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. मग म्हणाले, "रुईच्या गाठी भरायच्या होत्या. पंधरा दिवस सेठनं सारे हमाल ट्रकवर लावले. माणूस कुठून आणू मी? मी एकटा पालटू का चार मीटरचा ढीग?"

"मग लिहायचं ना, पालटला नाही."

"रजिस्टर शनिवारी भरतो, बाई. अख्ख्या हप्त्याचं. एकोणीस साल झाले, तसंच भरतो. विम्यावाला येते, पाहते, जाते. कोरी जागा पाहिली का सेठले फोन करते."

"कवडूवर केस आहे, बाबा."

"माहीत हाय मले." मग म्हणाले, "तुझं गणित कधी चुकत नाई का?"

मी म्हणाले, तपासलं आहे.

"तेच ना," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. तांब्या भरलेला तिथेच होता. का उठले, कळलं नाही.

१८ मे

कवडूच्या घरी गेले. हातांना अजून पट्ट्या. त्याची बायको विमलाबाई त्याला भरवत होती. मी काजल, प्रेमदासची मुलगी, असं सांगितल्यावर तिने घास ताटातच ठेवला.

कवडू म्हणाला, "जय भीम, बाई. बसा. बापानं धाडलं का?"

"नाही. मी स्वतः आले."

कागद दाखवले. तो लांबूनच बघत राहिला. आग आतून लागली हे गणिताने सिद्ध होतं, असं मी सांगितलं.

"किती दिवस लागले तुमाले?"

"तीन महिने."

"मले हात घालूनच समजलं व्हतं." तो हसला. "दारावर लिहून ठेवलं. रोज सांगे प्रेमदासभाऊले, भाऊ, पोट तापलं सरकीचं. भाऊ म्हणे, सेठले सांगतो. सांगत असन."

विमलाबाई म्हणाली, "अन् बिडी म्हणते! अख्ख्या फॅक्टरीले माहीत, हा खर्रा खाते, तंबाखू-सुपारीचा. लगनातबी बिडी नाई घेतली यानं. खर्र्यानं आग लागते का वं? तुमच्या कॅम्पुटरले पुसा."

मी म्हणाले, बिडीचंही गणित केलं आहे.

"वा," ती म्हणाली. "खर्र्याचंबी करून टाका."

निघताना कवडूने विचारलं, "यावर सही कोन करन?"

१ जून

सर सही करणार नाहीत. "प्रबंध उत्तम आहे. पण पोलिसांसाठी वेगळा अहवाल कशाला? फॅक्टरीचं नाव काढा, 'विदर्भातील एक जिनिंग' असं लिहा. तुमचे वडील तिथेच आहेत ना?" आवाजात काळजी होती. त्यामुळे जास्त राग आला.

अहवाल नऊ पानांचा झाला. निष्कर्ष चार. चौथा: 'रजिस्टरमधील पालटाच्या व तापमानाच्या नोंदी गणिताशी व प्रत्यक्ष जळाल्याच्या जागेशी विसंगत आहेत.' बाबांचं नाव कुठेही नाही. 'गोदामपाल' असा उल्लेख एकदाच आहे. यापेक्षा नेमकं आणि यापेक्षा कमी दुखावणारं लिहिता येत नाही.

सही केली. एक प्रत कवडूच्या वकिलाला, एक पोलीस ठाण्यात. पोच घेतली.

९ जून

बाबांना ठाण्यात बोलावलं होतं. सकाळी दहाला गेले, पाचला आले. आईचा फोन.

"बापाच्या विरोधात सही केली तुनं?"

"विरोधात नाही. आग कशी लागली ते लिहिलं आहे."

"त्याईले सात घंटे बाकड्यावर बसवलं. ठाण्यातला तो काल आलेला पोट्टा शिपाई म्हणे, ये रे बुड्ढ्या. तुझ्या बापाले. हे हाय का तुझ्या गणितात?"

मी म्हणाले, बाबांना फोन दे.

"नाई घेत ते."

ते फोनजवळच बसलेले होते. टीव्हीच्या आवाजावरून कळत होतं.

१४ जुलै

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, प्रत्यक्ष मोजमापाशी तुलना केली का? मी दारावरच्या आकड्यांचा आलेख दाखवला. म्हणाले, "एवढा मेळ सहसा बसत नाही. मोजणारा माणूस काटेकोर होता." कोण होता, हे विचारलं नाही.

उत्कृष्ट श्रेणी. बाबांना मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या.

२६ ऑगस्ट

वकिलाला स्वतःच फोन केला, अहवालाचं काय झालं म्हणून. त्याला माझं नाव आठवायला वेळ लागला.

"अरे मॅडम, ते तर मिटलं. महिना झाला."

सेठने तक्रार मागे घेतली. आग शॉर्ट सर्किटने लागली असा जबाब झाला. कवडूने सांगितलं, ठिणग्या पाहिल्या. बाबांनी सांगितलं, तारेचा वास आला होता. दोघांच्या सह्या एकाच कागदावर, एकाखाली एक. कवडूला पुन्हा कामावर घेतलं आहे, फाटकावर बसायचं काम. बाबा जिथे होते तिथे आहेत. माझा अहवाल परत आलेला नाही, दाखलही झालेला नाही.

त्या गोदामात विजेची तारच नाही. सरकीमुळे मुद्दामच घेतलेली नाही. हे पोलिसांना, विमावाल्याला, सेठला, कवडूला आणि बाबांना माहीत आहे.

म्हणजे या सगळ्या प्रकरणात प्रेमदास गोदामपालाने खोटं लिहिलं, असं म्हणणारा एकच कागद आहे आणि त्यावर माझी सही आहे.

३१ ऑगस्ट

कवडूला फाटकावर भेटले. हात बरे झालेत, बोटं मिटत नाहीत. चिडायचं ठरवून गेले होते.

"तुम्ही मला सांगायचं तरी."

"काय सांगू बाई? केस लढलो असतो तर पाच साल. जिंकून कुठं जाऊ? हेच फाटक." मग आवाज खाली करून म्हणाला, "अन् प्रेमदासभाऊ रोज दवाखान्यात येत व्हता. पहिल्या दिवसापासून. डबा घेऊन. तुमाले नाई बोलला?"

नाही.

"तुमचा कागद चांगला व्हता," तो म्हणाला. "सेठ घाबरला त्यालेच. त्याच्याच्यानं तर बोलावलं मले. कामात आला."

हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, हे तपासायला माझ्याकडे काही साधन नाही.

९ नोव्हेंबर, समुद्रपूर

सहा महिन्यांनी घरी आले. नवा कापूस फॅक्टरीत यायला लागला आहे. आईने जेवायला वाढलं, भाजी विचारून वाढली, पाहुण्याला विचारतात तशी.

जेवण झाल्यावर बाबा समोर येऊन बसले. मेनंतर पहिल्यांदा. खिशातून घडी घातलेला कागद आणि पेन काढलं, चष्मा लावला.

"सेठनं पुसलं हाय. म्हणे, पोरगी हुशार हाय, तिले इचारून ये. चार मीटरचा ढीग किती दिवस नाई पालटला तर चालते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते.

"म्हणजे तितके दिवस माणसं ट्रकवर लावता येतात," ते म्हणाले. "एकदा समजलं का बरं. म्या म्हटलं, तिचं गणित चुकत नाई."

चेष्टा होती का, ते चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही.

उत्तर मला तोंडपाठ आहे. बारा टक्के ओलावा, भिंतीला टेकलेला ढीग, सुरुवातीला तीस अंश. नऊ दिवस. नवव्या दिवशी ४१. तोवर पालटला तर पुन्हा थंड होतो, त्यानंतर उशीर होत जातो. त्रिकोण कितीही बारीक केले तरी नऊच येतात.

"चार," मी म्हणाले.

"चारच?"

"चार. एक तासही जास्त नाही."

त्यांनी कागदावर चार लिहिला, सुंदर अक्षरात, आणि खाली रेघ मारली.

चार लिहिले आहेत म्हणजे ते आठव्या दिवशी पालटतील. नऊ सांगितले असते तर अठराव्या.

आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं. बाबांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "सही करून देतं का?"

दिली.